सहीशिवायचा अर्ज

रविवार, १० जुलै १९८८. कोपरी.

कमिटीचे प्रमुख शलोमकाका, त्यांनी सही केली नाही. प्रार्थना चालवणारे हज्जान तयार करायला मुंबईत वर्ग निघतोय आणि अर्जावर आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या कमिटीची सही लागते. काकांनी शिक्षणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "नववी? अरे, तिथे परदेशात शिकलेले गुरुजी येणार. ठाण्याचं हसं करशील."

मी म्हणालो, "काका, मागच्या महिन्यात तुमच्या भावाच्या मयताला आंघोळ मी घातली. कबरीपाशी हिब्रू प्रार्थना मी म्हटली. तेव्हा नाही विचारलंत, कितवी शिकलास ते."

"ती सेवा रे. हे शिक्षण."

म्हणजे सेवा मी करायची आणि शिकायचं दुसऱ्याने? हे मनात म्हणालो की मोठ्याने? मोठ्यानेच असणार, कारण काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

'नववी' न लिहिता रकाना कोरा ठेवता आला असता. अर्ज तीनदा उतरवला आणि तिन्ही वेळा 'नववी' स्वच्छ अक्षरात लिहिलं. लपवू कशाला?

उद्या मुंबईला सहीशिवायच जाणार. गुरुजींना सांगेन, आधी माझं वाचन ऐका, मग नाही म्हणा. आवाज थरथरेल. थरथरू दे.