ओव्हनमध्ये मोकळ्या झालेल्या वाटा

३ मार्च
नव्या विहिरीतून तेल जेमतेम येतंय. जावईबापू, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, आमचा ड्रिलिंगप्रमुख, भर बैठकीत म्हणाले, "ताई, तुमचे दगड कागदावरच तेल देतात." सगळे हसले. मीही हसले, दातओठ खात.

४ मार्च
या दगडातून भरपूर तेल येईल, हे माझं मोजमाप चूक नाही. विहिरीतून आलेल्या दगडाचे तुकडे मी प्रयोगशाळेत स्वतः धुतले, ओव्हनमध्ये वाळवले, त्यांतून हवा सोडून पाहिली. छिद्रं भरपूर. एका छिद्रातून दुसऱ्यात जायच्या वाटाही मोकळ्या. मग तेल अडतं कुठे? यांनीच खोदताना विहिरीत सोडतात तो चिखल जास्त दाबून वाटा बुजवल्या. नाचता येईना, अंगण वाकडं!

७ मार्च
चौकशीत तेच लिहून दिलं. एक शब्दही मऊ केला नाही.

१२ मार्च
जावईबापू निलंबित.
धाकटीचा फोन. "ताई, जरा सांभाळून लिहिता आलं नसतं?"
"दगड नाती पाहत नाही," म्हटलं. तिने फोन आपटला. बरं झालं. पंधरा वर्षं प्रत्येक जेवणात तिच्या नवऱ्याकडून माझ्या डिग्रीची टिंगल ऐकली आहे मी.
तरी तिचा आवाज कानातून जात नाही.

१९ मार्च
सूक्ष्मदर्शकावरच्या बाईंनी बोलावलं. त्याच दगडाचा एक न वाळवलेला तुकडा त्यांच्याकडे होता.
"ओव्हन किती अंशांवर होता?"
"शंभराच्या वर. नेहमीसारखा."
"मग बघा."
ओल्या तुकड्यात मातीचे केसासारखे तंतू वाटा अडवून उभे. माझ्या तुकड्यात तेच तंतू वाळून भिंतींना चिकटलेले. वाटा माझ्या ओव्हनमध्ये मोकळ्या झाल्या. जमिनीखाली त्या कधी तशा नव्हत्याच.
असला दगड मंद आचेवर, दमट हवेत, सावकाश वाळवायचा — हे नव्या मुलींना मीच शिकवते. पण साहेबांना आकडे लगेच हवे होते, आणि मला ते जावईबापूंच्या तोंडावर फेकायचे होते.

२० मार्च
चूक कबूल करणारं पत्र लिहिलं. फाडलं.

२३ मार्च
पुन्हा लिहिलं. सही करून साहेबांना दिलं. त्यांनी वाचून घडी घातली.
"तुमची चूक मला पहिल्याच आठवड्यात कळली होती. त्याला तसाही काढायचाच होता. तुम्ही कामाला लागा."
मी पत्र परत मागितलं. हसून दिलं त्यांनी.
येताना ते धाकटीच्या दाराखालून आत सरकवलं. आता माझी नोकरी जावईबापूंच्या हातात.