कितवा नंबर?

घाटकोपर, गुरुवार संध्याकाळ, १९८६

गेल्या रविवारी सकाळी मी टीव्हीला झेंडूचा हार घातला. परदेशातल्या गाण्यांच्या महोत्सवात आमची शैला गायली होती, ते दाखवणार होते. सगळी चाळ आमच्या खोलीत. गाणं संपताच मी विचारलं, "कितवा नंबर गं?"

"बाबा, तिथे नंबर नसतो. सगळ्यांनी नुसतं गायचं."

"मग एवढ्या लांब गेलीस कशाला?"

सगळे हसले. मीही. तेव्हापासून पोर आरतीलाही गात नाही.

वीस वर्षं भजनाला बसतो. तिथे कधी कुणाचा नंबर काढला? मग तिलाच का विचारलं? हार सुकला, तरी काढवेना.

आज आरतीला तेच शेजारी होते. त्यांच्यासमोरच हात जोडून म्हणालो, "शैला, माझं चुकलं."

ती गायली नाही. पण मी म्हणून टाकलं एकदाचं.