यादीत नसलेल्या बाईची दोन मिनिटं

१० सप्टें., बुधवार
अमेरिकेतल्या त्या गावाची सभा टायपिंगला आली. काल संध्याकाळी ते तिकडे बोलले, आज सकाळी इकडे आखातात, घुब्रातल्या ऑफिसात माझ्या कानात. गटाराचा ठराव, शाळेच्या बसचा ठराव, मग नागरिकांची दोन-दोन मिनिटं. शेवटी एक म्हातारी. "एडना मे कॉर्बिन. पाण्याच्या टाकीमागचं पिवळं घर. मी मेलेली नाही."

त्याच नावाची दुसरी बाई कुठेतरी वारली. सरकारी लोकांनी नावं जुळवली आणि मतदार यादीतून हिला उडवलं. तक्रार करायला ही सभेत आली. पण सभेने उन्हाळ्यात नियम केलाय, यादीत नाव असेल त्याचंच बोलणं नोंदवायचं. म्हणजे नाव नाही हे सांगायलाही नाव पाहिजे. शाब्बास.

नियमाप्रमाणे तिच्या दोन मिनिटांपुढे लिहिलं, "कोणी बोललं नाही." बरं नाही वाटलं.

२४ सप्टें.
पुन्हा एडना. आधी मशीन कच्चा मजकूर काढतं, मी ऐकून दुरुस्त करते. मशीनने सगळ्यांचं उतरवलंय, एकाचा खोकलासुद्धा. तिच्या जागी कोरं. मला तर स्पष्ट ऐकू येते. कवळी सैल असावी, 'स' म्हणताना शिट्टी वाजते.

ती बोलत असतानाच अध्यक्ष म्हणतो, "अजून कोणी? कोणी दिसत नाही." तिच्या आवाजावर आवाज चढवून बोलतो मेला. दोन मिनिटं झाली की घंटा मात्र वाजते. कोणी बोललंच नाही तर घंटा कोणासाठी?

१५ ऑक्टो.
तिसऱ्या सभेतही एडना. शेवटी सुपरवायझरना ऐकवलं. नसीमभाई, दाभोळचे, माणूस सोन्यासारखा, पण अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, नाव काढलं की घाम फुटतो. दोन्ही मिनिटं ऐकली. मग हेडफोन काढून रुमालाने पुसले. "पंखा है, फिलोबाय."
"पंखा घरचा पत्ता सांगतो?"
"नियम त्यांचा, गाव त्यांचा. आपण पगारी माणसं. यल्ला, चला, फाइल पाठवा."
समोरचा चहा न पिताच उठून गेले.

२१ ऑक्टो.
वसईहून आईचा फोन. पप्पांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनसाठी तिला हयातीचा दाखला हवा. बँकेतल्या पोरीने मोबाइल तोंडासमोर धरला, म्हणाली पापण्या मिटा, उघडा. तीनदा केलं. मशीन म्हणतं, चेहरा जिवंत वाटत नाही. चौथ्यांदा एकदाचं मानलं.
आई हसत होती. "तुझा बाप गेला तेव्हा एका कागदात झालं, गो. मला जगायला चारदा मेहनत."
मला हसू आलं नाही.

२९ ऑक्टो.
एडना आली नाही. तिच्या वेळेला नुसती खुर्ची करकरली, मग शांत. आवाज कान फुटेपर्यंत वाढवला. काही नाही. घंटापण नाही.
गेली बिचारी. शेवटी त्यांच्या कागदाचंच खरं झालं. आणि त्यात 'कोणी बोललं नाही' म्हणणारे तीन कागद माझे.
डबा तसाच परत आणला. एलेन म्हणते, "ममा, हू डाइड?" बारा वर्षांच्या पोरीला काय सांगू.

३१ ऑक्टो., शुक्रवार
चर्चमध्ये मृतांच्या स्मरणदिनाची पाकिटं वाटली, त्यांवर लिहिलेली नावं मिस्सात, प्रार्थनेच्या वेळी, वाचतात. पप्पांचं नाव लिहिलं, सासूबाईंचं लिहिलं. खाली एडना मे कॉर्बिन. तिचं कोण लिहिणार म्हणून. रॉकी दुक्मच्या साइटवरून फोनवर हसला, "ओळख ना पाळख, परक्या बाईसाठी मिस्सा." हसू दे. तिथे कंटेनरच्या खोलीत बसून दुसरं काय करणार नवरा.

२ नोव्हें.
संध्याकाळी मिस्सात नावं वाचली. फादर केरळचे, पप्पांच्या नावाचं भरीत केलं. तिचं नाव मात्र अगदी नीट घेतलं, गावातल्याच बाईचं असल्यासारखं.

१२ नोव्हें.
एडना आली. मागच्या वेळी ताप होता म्हणाली. पत्ता, पिवळं घर, मी मेलेली नाही, सगळं नेहमीचं. मग, "दोन तारखेला, रविवारी सकाळी भांडी घासत होते. कोणीतरी माझं पूर्ण नाव मोठ्याने घेतलं. मेलेल्यांची नावं घेतात तसं. ज्याने कोणी मला त्या यादीत घातलं असेल, त्याने कृपा करून काढावं."
आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. पाचदा ऐकलं. मशीनच्या मजकुरात कोरंच आहे.
मी घातलं. जिवंत बाईला मी मेलेल्यांत घातलं. जणू तेवढाच एक कागद कमी होता.

१४ नोव्हें., शुक्रवार
पाकीट परत मागायला गेले. चर्चमधल्या मेरीबाय म्हणाल्या, पाकिटं महिनाभर वेदीपुढेच राहतात.
"अहो, ती बाई जिवंत आहे."
"असू दे ना. प्रार्थना कुठे वाया जाते? महिना संपला की बघू."
इथेही तेच. भांडणार होते, पण देवाच्या दारात कुठे तोंड उघडू.

१६ नोव्हें., रविवार
बारा तारखेची फाइल अडवून ठेवली होती, ती टाइप केली. एडनाचं सगळं, शिट्टीसकट म्हणा. कागदाच्या खाली नेहमीप्रमाणे माझं नाव, टायपिंग करणारी म्हणून.
नसीमभाई मागे उभे राहून वाचत होते. "तुमचा व्हिसा कोणाच्या हातात आहे, ठाऊक आहे ना?"
"ठाऊक आहे."
"पोरीची शाळा आहे."
"आहे."
मग पुढे वाकून 'पाठवा'चं बटण त्यांनीच दाबलं. "मीपण ऐकलेला तो आवाज," म्हणाले. पंखा म्हणे.

२६ नोव्हें.
आजची फाइल.
एडना म्हणते, "या वेळी माझं बोलणं छापून आलं. खाली नाव आहे. फिलोमिना परेरा. मी जिवंत आहे की नाही, तिला विचारा."
अध्यक्ष कागद चाळतो. "या नावाची कोणी व्यक्ती आमच्या यादीत नाही."
मशीनने त्याचं वाक्य उतरवलंय. एडनाचं कोरं, त्यात माझं नावही गेलं.
मग ती माइकच्या अगदी जवळ आली. श्वास ऐकू येतो. "फिलोमिना, आहेस ना?" आणि थांबली. घंटा वाजत नाही. रेकॉर्डिंग पुढे चालूच आहे, उत्तराची वाट बघितल्यासारखं.
सगळे जेवायला गेलेत. मी हळूच म्हटलं, "आहे."
तिकडे खुर्ची करकरली, ऐकून कोणी खाली बसावं तशी.
फाइल चारपर्यंत द्यायची आहे. तीन वाजून गेले. अजून एक ओळ टाइप केलेली नाही.