ओठाला खूण नसलेला मासा

सोमवार, १२ जून

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे. ह्यांचा गुडघा अजून कुरकुरतोय. लेकीने हौसेने केस कापून घेतले, आता रोज आरशासमोर पस्तावते. तुमच्याकडेही सगळं बरं असेल, असं धरून चालते. शुक्रवारी वहिनी येऊन गेली. मासा मिळाला.

तळ्याचं काय चाललंय ते तुला मी कशाला सांगू, गळवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष तूच. विणीच्या दिवसांत लव्हाळ्याच्या कोपऱ्यात कुणी जायचं नाही, गाबोळीची, पोटात अंडी असलेली मादी गळाला लागली तर सोडून द्यायची, हे नियमही तूच केलेस. तरी तिथली लव्हाळी मोडलेली, पाणी गढूळ. कुणीतरी जाळं ओढतंय. लोक दिवसभर गळ टाकून बसतात आणि हात हलवत घरी जातात.

मी तर प्रत्येकावर डोळा ठेवून होते. दाताच्या डॉक्टरांच्या गाडीला वास येतो म्हणून डिकीत डोकावले, तर आत त्यांचे खेळाचे मोजे! खानावळवाल्याला विचारलं, मासे कुठून आणतोस रे? त्या दिवसापासून तो मला चहाही विचारत नाही.

मग तू म्हणालास, "बगळाच असणार. पहाटे पाण्यावर दुसरं असतं कोण?" बिचारा नावाडी! लांब पायांमुळे बगळा म्हणतात, तर चोरही तोच ठरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आता रविवारच्या बैठकीत त्याचा होडीचा परवाना काढून घ्यायचा ठराव तू मांडणार. होडी गेली तर तो खाईल काय रे?

मासा ताजा होता, एवढं लिहून पत्र संपवणार होते. नाही जमत.

वहिनी म्हणाली, "ह्यांना बांधाकडे गळावर मिळाला." तुला वाटलं असेल, ही शिजवून खाईल आणि गप्प बसेल. अरे, आमच्याकडे मासा साफ मीच करते. पोट कापलं तर गाबोळीच गाबोळी. म्हटलं, असेल, दादाच्या लक्षात आलं नसेल. म्हणून तोंड उघडून पाहिलं. ओठाला गळाची खूणच नाही. कल्ल्यांमागे मात्र जाळ्याच्या दोऱ्याने कापलेला वळ, अंगाभोवती गोल. गळाला लागलेला आणि ओठ शाबूत असलेला मासा मी तरी बापजन्मात पाहिला नाही. तिथेच मोरीपाशी बसून रडले. राग नंतर आला.

वहिनीला काही माहीत नसावं. तिच्यावर ओरडू नकोस.

का केलंस, कधीपासून करतोयस, मी विचारणार नाही. विचारलं तर तू काहीतरी थाप मारशील आणि मी विश्वास ठेवीन, याचीच मला भीती वाटते. रविवारी बगळ्याचं नाव निघायच्या आत तू उठून उभा राहा आणि काय ते सांग. तू नाही उठलास तर मी उठेन. मग सगळ्यांदेखत मला तुला "अध्यक्ष महाशय" म्हणावं लागेल, आणि त्यानंतर दादा म्हणून हाक मारायला माझी जीभ वळेल असं वाटत नाही.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
बहीण