सहा महिन्यांचा मार्गदर्शक

फुनाबोरी, टोकियो

प्रिय स्वप्निल,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस आणि आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आता फक्त तूच लिहू शकतोस, म्हणून हा कागद. इचिकावाला पोचायला दोन दिवस लागतील. लागू देत.

तुझ्या भाचीला, वृंदाच्या आर्याला, शाळेत रोमवर प्रोजेक्ट आहे. नात अर्धं जपानी, अर्धं इंग्रजी बोलते आणि मी सातवी पास. तरी सगळं कळलं, कारण तुझ्यामुळे ते आधीच बघितलेलं होतं. त्या लोकांनी राजा हाकलला आणि ठरवलं, दरवर्षी दोन प्रमुख निवडायचे. एक नको म्हणाला की दुसऱ्याचं अडलं. आपल्या मंडळाचे दोन चिटणीस असायचे, तसंच. तुझे बाबा आणि शिरीषभावजी गणपतीच्या हॉलवरून कचाकचा भांडायचे, पण हॉल मिळायचा. संकट आलं तर रोमवाले सगळं एकाच्या हातात द्यायचे, सहा महिन्यांपुरतं. एकाने म्हणे सोळा दिवसांत लढाई उरकली, अधिकार परत केले आणि शेतावर निघून गेला.

कोरोनात तूही सहाच महिने मागितले होतेस. तेव्हा तू राबलास, हे मी नाकारत नाही. शशांकचं घर आजारी पडलं तेव्हा दारात डबे तूच ठेवलेस. पण ते सहा महिने संपले कधी? सभा अजून भरते, चहा होतो, चिवडा होतो, आणि आधीच ठरलेलं तू वाचून दाखवतोस. आर्याच्या पुस्तकात ऑगस्टस म्हणून एक आहे, तुझा सख्खा भाऊ शोभेल. त्यानेही सभा मोडली नाही. मी राजा नाही, तुमच्यातलाच पहिला नागरिक, म्हणायचा. अधिकार परत करायला निघाला, लोकांनी आग्रह केला, मग बिचाऱ्याने ठेवून घेतले. मरेपर्यंत. तूही अध्यक्ष म्हणवून घेत नाहीस. 'मार्गदर्शक' म्हणे. मार्ग कोणी विचारला होता तुला?

आर्या त्याची बाजू घेते. आजी, भांडणं थांबली, लोक खूश होते, म्हणते. असतील. मी कोनबिनीच्या दुकानात नऊ वर्षं अरुबाइतो, तासावरची नोकरी केली. मॅनेजर बरा असला की सगळे खूशच असतात. म्हणून दुकान त्याच्या बापाचं होत नाही.

अनघाने सभेत एवढंच विचारलं, निवडणूक कधी? संध्याकाळी ती ग्रुपबाहेर आणि तिची सई दिवाळीच्या नाटकाबाहेर. आठ वर्षांच्या पोरीने तुझं काय वाकडं केलं होतं? आणि लगेच दुसऱ्या दिवशी तुझं पत्रक: यापुढे निवडणूक नको, ठरावाला एकेचाळीस सभासदांचा पाठिंबा, विरोध शून्य.

त्या एकेचाळीसांत मी आहे, हे मला काल वृंदाने दाखवलं. ठरावाचा तुझा मेसेज मी वाचलाच नव्हता. सकाळी चष्मा लावायच्या आधी ग्रुपवर जे काही आलं असेल त्यावर बोट दाबून हात जोडायचे, ही आम्हा म्हाताऱ्यांची सवय. वाढदिवसाला जोडतो, कोणी गेलं तरी जोडतो, कचऱ्याचा वार बदलला तरी जोडतो. तू ते हात मतं म्हणून मोजलेस. आईची सवय तुला ठाऊक नव्हती असं सांगू नकोस. कालपासून मी एकेकाला फोन केले. सव्वीस जणांचं माझ्यासारखंच झालंय. रविवारच्या सभेत मी उभी राहणार आणि माझा हात परत मागणार, बाकीचेही मागतील. सीझरला त्याच्या माणसांनी न कळवता सुरे मारले. मी आधी कळवतेय, तेवढं आईपण पुरे. सभेच्या आत अनघाला ग्रुपमध्ये घे, निवडणुकीची तारीख लाव, आणि हवं तर उभा राहा. मी मत कोणाला देणार ते विचारायला येऊ नकोस.

तुझीच, पण तुझ्या मोजणीतली नव्हे,
आई
(सभासद अरुणा)