टेक घेतला, पुढचं राहिलं

३ तारीख, सोमवार. सकाळी ६.
सुपरवायझरची जागा रिकामी झाली. काचेची केबिन, फिरती खुर्ची. मुलाखत सतराला, इंग्रजीत. साबणाच्या फॅक्टरीत अठरा वर्षं डिस्पॅचला काढली, माझ्याशिवाय आहेच कोण? इंग्रजीची नाडी मला सापडलीय: 'टेक'. एवढा एक शब्द जमला की गंगेत घोडं न्हालं. रोज एक जोडी. नुसती पाठ नाही करायची, जगायची. आजची, टेक अ डिसिजन. घेतला.

४, मंगळवार.
टेक अ ब्रेक. दिवसभर जगलो.

५, बुधवार.
टेक अ नॅप. हीसुद्धा छान जमली.
फॅक्टरीतली पत्त्याची कोरी लेबलं आणून जोड्या लिहिल्या, मागे गोंद असतोच. आरशावर, फ्रीजवर, उशाशी चिकटवली. उरलेली खिशात. सौ. त्याच फॅक्टरीत पॅकिंगला. तिला म्हटलं, तू फक्त वही धर आणि विचार.

८, शनिवार.
टेक अ वॉक. गुडघा धरलाय. गॅलरीपर्यंत गेलो, धरून चाललो.
सौ. भाजी निवडता निवडता प्रश्न विचारते आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकते. उतावीळ स्वभाव. म्हणे अर्ज तिनेही टाकलाय. असो, हौसेला मोल नाही.

१२, बुधवार.
टेक केअर. जमलं नाही, डिस्पॅचला मरणाची घाई. खिशातून लेबलं काढून भराभर मारत सुटलो.

१६, रविवार.
टेक रिस्पॉन्सिबिलिटी राहिली. जीभ वळत नाही. शेवटच्या पानावरचं कोण विचारतंय! त्यापेक्षा ब्रेकची उजळणी केली.

१७, सोमवार. दुपारी २.
साहेबांनी परत आलेलं एक खोकं टेबलावर ठेवलं. पत्त्याच्या जागी 'टेक अ नॅप'. विचारलं, ही चूक कोणाची? पॅकिंगवाल्यांची, म्हणालो.
माझ्यानंतर सौ. गेली. दार अर्धवट उघडं होतं. तोच प्रश्न. ती शांतपणे म्हणाली, "आय टेक रिस्पॉन्सिबिलिटी, सर."
अक्षर तिने ओळखलं नसावं.

२०, गुरुवार.
खुर्ची खरंच फिरते. सौ. बसलीय.
टेक लीव्ह म्हणून चार दिवसांच्या रजेचा अर्ज नेला. तिने वाचून परत दिला. म्हणाली, अहो, आधी गोदामातली राहिलेली खोकी एकेक तपासा, मग रजेचं बघू. चक्क मराठीत.
संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याऐंशी झाली. आणखी तीन नॅप निघाल्या. लाज वाटली. केबिनमध्ये जाऊन सांगितलं, ही लेबलं माझी. ते पहिलंही माझंच.
तिने मान वर केली नाही. म्हणाली, "ठाऊक होतं."