माझा गळा आणि आमचा फ्रिज

२ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प. रोज सकाळी सहाला उठून एक तास रियाज. थंड पाणी बंद. टीका करणाऱ्यांशी बोलणं बंद (यात बायको धरलेली नाही, घर एकच आहे). आणि स्टेजवर चष्मा लावायचा नाही. गायकाने चष्मा लावला की तो हेडक्लार्क दिसतो.
हे सगळं कालच ठरवणार होतो, पण काल उठायला अकरा वाजले.

३ जानेवारी
सहाचा गजर झाला. बंद केला. विश्रांती हाही गळ्याचा रियाजच आहे.

११ जानेवारी
घशाच्या डॉक्टरांकडे. मी गेलो नाही, बायकोने नेलं. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आहेत, वरच्या सुरात गाणं निदान तीन महिने पूर्ण बंद, नाहीतर आवाज जाईल तो परत येणार नाही. मी विचारलं, आपण गाता का? नाही म्हणाले. मग प्रश्नच मिटला.
बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला तीन महिने म्हणजे तीनच महिने वाटतात. घरी आल्यावर बाल्कनीचं दार लावून घेऊन फोनवर बराच वेळ कुणाशी तरी बोलत होती.

१८ जानेवारी
हॉटेलच्या लाउंजमध्ये नेहमीप्रमाणे संध्याकाळी सात ते नऊ. शेवटी 'लिफ्ट येईपर्यंत'. पंचवीस वर्षांपूर्वी हे गाणं दर तासाला रेडिओवर वाजायचं. त्यानंतर मी चाळीस गाणी केली, पण लोक आळशी, एकच लक्षात ठेवतात.
शेवटच्या कडव्यात 'थांब' हा शब्द एकदम वर जातो. डिसेंबरभर तिथे खोकल्याचं नाटक करून वेळ मारून नेली होती. आज लागला! रुपयाला बारा आणे लागला, पण लागला. डॉक्टरांना फोन करून ऐकवावंसं वाटलं.
मौनी हल्ली माझ्या आधी पाऊण तास येतो आणि माझा कीबोर्ड फडक्याने पुसून ठेवतो. मौनी म्हणजे आमचा बेसवाला. तीस वर्षं माझ्या मागे उभा राहून वाजवतोय आणि वर्षातून दोनदा बोलतो, म्हणून मौनी. उतारवयात माणसाला शिस्त लागते ती अशी.

२० फेब्रुवारी
दुपारी समोरच्या हॉटेलातल्या नव्या गायकाला ऐकून आलो. गृहस्थाने ट्रान्सपोजचं बटण दाबलं होतं. हे बटण दाबलं की बोटं नेहमीच्या पट्ट्यांवरच ठेवायची, कीबोर्ड आपला आपण खालच्या सुरात वाजतो. म्हणजे गळा गाण्यापर्यंत पोचत नसेल तर गाण्यालाच खाली बोलवायचं. मला पहिल्या ओळीतच कळलं. कान जन्मजात असावा लागतो, तो विकत मिळत नाही.
मौनीला म्हटलं, ज्या दिवशी हे बटण दाबायची वेळ येईल त्या दिवशी मी गाणं सोडीन. मौनी बेसच्या तारा पुसत राहिला.

९ मार्च
'थांब' आता दर वेळी लागतो. रियाजाचा परिणाम. रियाज अजून सुरू व्हायचा आहे, पण मनाची तयारी झाली की गळ्याला ते कळतं.

२ एप्रिल
रेडिओवर मुलाखत. मध्ये माझी जुनी रेकॉर्ड लावली. भलत्याच वरच्या सुरात वाजत होती. मी निवेदिकेला सांगितलं, तुमचं मशीन वेगात फिरतंय. ती म्हणाली, इथे काही फिरत नाही, फाइल आहे. जाऊ दे. या पिढीच्या कानात सदा काहीतरी खुपसलेलं असतं.
पण खरी बातमी पुढेच. गाण्याच्या पंचविशीनिमित्त मोठ्या सभागृहात माझा कार्यक्रम ठरला. १४ जून. ग्रँड पियानो, खराखुरा! रेकॉर्डिंगसुद्धा होणार. इतक्या वर्षांत प्रथमच लोक जेवता जेवता माझं गाणं ऐकणार नाहीत. घरी सांगितलं तर बायकोचा चेहराच उतरला. आनंद झेपला नसावा. मौनी म्हणाला, कीबोर्डच नेऊ. झाली यंदाची पहिली खेप.

२३ एप्रिल
लाउंजला रंग देताहेत, म्हणून कीबोर्ड आठवडाभर घरी. (माझा पियानो या घराचा जिना चढेना म्हणून जुन्या घरीच राहिला.) बंद केला तरी हा कीबोर्ड सगळं सेटिंग लक्षात ठेवतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक काहीतरी आलेलं दिसतं. चष्मा आतल्या खोलीत होता.
आज एक गंभीर गोष्ट लक्षात आली. आमचा फ्रिज बारा वर्षं 'जी' या सुरात गुणगुणतोय. सहज म्हणून कीबोर्डवर जी वाजवला, तर फ्रिज चक्क चार पट्ट्या वर! बिघडला. म्हातारपणी आवाज चढतो काहींचा.

२५ एप्रिल
फ्रिजचा मेकॅनिक आला. मागची जाळी दोनदा खोलली, काही सापडलं नाही. म्हणाला, "साहेब, हा आवाज विजेचा आहे. तो चढत नाही की उतरत नाही." मी त्याला म्हटलं, तुम्हाला यंत्रं कळत असतील, सूर कळत नाही. कीबोर्ड वाजवून पटवूनही दिलं. तो बायकोकडे बघत राहिला. ती म्हणाली, फ्रिज राहू दे तसाच. मेकॅनिक चहा न घेताच गेला.
दारावरची बेलसुद्धा चढली आहे. हल्ली कशाचाच भरवसा नाही.

१२ जून
हे लिहावं की नाही, कळत नाही. पण ही वही कोण वाचणार आहे!
सभागृहात तालीम. पियानो काळाभोर, त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. 'लिफ्ट येईपर्यंत' सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीतच घसा ताणला गेला. 'थांब'पाशी नुसती हवा आली. मी पियानो चढल्याची तक्रार केली आणि ट्यूनरला बोलावून घेतलं. वयस्कर माणूस. त्याने सुराचा काटा गुडघ्यावर मारून पियानोजवळ धरला. तंतोतंत जुळला. मी म्हटलं, काटा वाकलाय. त्याने काटा पिशवीत ठेवला आणि पाणी प्यायला बाहेर गेला.
मग मौनी बोलला.
"पियानोला बटण नाही. कीबोर्डला आहे. चार पट्ट्या खाली आहे तो. जानेवारीत एक उतरवली, मग एप्रिलपर्यंत दर महिन्याला एक. तू गाणं बंद करणार नाहीस, निदान गळा तरी वाचावा, म्हणून वहिनींनी सांगितलं होतं."
आमचा ड्रमर उगाच स्टूलचा स्क्रू आवळत होता, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. मौनी म्हणाला, परवा कीबोर्डवरच गा, कुणाला कळणार नाही.
मी म्हणालो, "मला कळेल."
"पाच महिने कळलं नाही," मौनी म्हणाला.

१३ जून
बायकोशी अबोला. बाहेरचे फसवतात ते ठीक, हिने घरात बसून फसवलं. ती म्हणाली, मला तुझं गाणं अजून वीस वर्षं ऐकायचं होतं, म्हणून केलं.
ठरवलं, बटणाशिवाय स्वतःच्या हाताने चार पट्ट्या खाली वाजवायचं. सकाळपासून सभागृहातल्या पियानोपाशी सहा तास बसलो. माझंच गाणं, माझीच बोटं, आणि पहिल्या धड्यातल्या विद्यार्थ्यासारखी अडखळतात. पंचवीस वर्षांत त्यांना एकच वाट ठाऊक.
मग दुसरं ठरवलं. मूळ सुरातच गाणार. कोमट पाणी, पूर्ण मौन, लवकर झोप. एका दिवसात गळा बरा झाल्याची उदाहरणं असतीलच.

१५ जून
काल. सभागृह भरलं होतं. मौनीने कीबोर्डही आणला होता. पियानोशेजारी स्टँडवर लावून, पुसून, चालू करून ठेवला होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.
पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. 'थांब'ला तोंड उघडलं आणि घशात काहीतरी सुटलं. दुखलंसुद्धा नाही. पुढचा शब्द म्हणायला गेलो तर आवाज नाही. गाण्याचा नाही, बोलण्याचाही नाही. बोटं मात्र सवयीने चालत राहिली. मौनी आणि ड्रमरने मिळून गाणं शेवटाला नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दवाखान्यात बोलावं तशा हळू. बायको पहिल्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती उठून विंगेत येऊन उभी राहिली.
रेकॉर्डिंग उत्तम झालं आहे म्हणे.

३ जुलै
डॉक्टर म्हणाले, दोन महिने एक शब्दही नाही. बोलणं परत येईल. गाण्याचं मी वहीच्या कागदावर लिहून विचारलं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि पुढच्या तपासणीची तारीख दिली.
घरात मी चिठ्ठ्यांवर बोलतो. बायकोला बोलता येतं, तरी तीही चिठ्ठीवरच उत्तर देते. दुपारी शाळेतून आली, की टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं लिहीत बसतो. घर इतकं शांत आहे की फ्रिज सगळीकडे ऐकू येतो.
मौनी कीबोर्ड घरी सोडून गेलाय. लाउंजमध्ये सध्या समोरच्या हॉटेलातले ते गृहस्थ गातात. मौनी त्यांच्या मागे वाजवतो. छान गातात, असं त्यानेच सांगितलं. मला खोटं वाटलं नाही.
आज चष्मा लावला. स्क्रीनच्या कोपऱ्यात उणे चार. बटण दाबत शून्यावर आणलं. जी वाजवला आणि बोट तसंच धरून ठेवलं. बराच वेळ ऐकलं.
बायकोला चिठ्ठी लिहिली: त्या मेकॅनिकला फोन कर. म्हणावं, फ्रिज बरोबर होता.